टॉमकॅट चालू आहे, पण ॲप उघडत नाही: नवशिक्यांनी दोष कुठून शोधायचा

जेएसपी-सर्व्हलेटचं, म्हणजे जावात लिहिलेल्या वेब ॲपचं, प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर छान चालतं आणि तुमच्या लॅपटॉपवर आणलं की ‘४०४’, म्हणजे पान सापडत नाही. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं पोर्ट बदल, कुणी म्हणतं जावा परत टाक, कुणी म्हणतं टॉमकॅट, म्हणजे अशी जावा ॲप चालवणारा सर्व्हर, तोच उडव आणि नव्याने बसव. तिन्ही करून झाल्यावर मूळ बिघाड जागच्या जागी असतो आणि सोबतीला दोन नवे आलेले असतात. मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टॉमकॅटवरची ॲप सांभाळतो. परीक्षेचे दिवस आले की ओळखीतल्या बीसीए, एमसीए, इंजिनिअरिंगच्या मुलांचे फोन येऊ लागतात, आणि त्यांचे बहुतेक प्रश्न त्याच ठरावीक कारणांपाशी येऊन थांबतात. ती कारणं इथे लिहितो आहे, ज्या क्रमाने तपासावीत त्याच क्रमाने.

फाइलींची नावं, कमांड आणि एरर मी देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत, आणि लहान-मोठ्या अक्षरांचं भान ठेवून टाइप करायचे.

सगळ्या लेखाचं सूत्र एकच आहे. ब्राउझरमधून निघालेली रिक्वेस्ट आधी पोर्टवर (यंत्राच्या क्रमांक असलेल्या दारावर, टॉमकॅटचं सहसा ८०८०) येते, तिथून टॉमकॅटकडे, टॉमकॅटकडून तुमच्या ॲपकडे आणि ॲपकडून डेटाबेसकडे जाते. ती कुठपर्यंत पोचली हे कळल्याशिवाय एकही फाइल बदलायची नाही.

आधी हाताशी काय हवं

- टॉमकॅटची आवृत्ती. ‘बिन’ फोल्डरमधली ‘व्हर्जन.बॅट’ (लिनक्सवर ‘व्हर्जन.एसएच’) चालवली की टॉमकॅट आणि तो वापरत असलेली जावा, दोन्हींचे आकडे एकदम मिळतात.
- ‘कॉन्फ’ या सेटिंगच्या फोल्डरची आख्खी प्रत, दुसऱ्या जागी ठेवलेली. काही हात लावण्याआधी.
- नोटपॅड प्लस प्लससारखा ओळींचे क्रमांक दाखवणारा एडिटर. एक्सएमएलच्या चुका ओळीच्या क्रमांकासकट सांगितल्या जातात, साध्या नोटपॅडमध्ये मोजत बसाल.
- एक कागद. काय बदललं आणि त्यानंतर काय झालं, हे लिहायला. एका वेळी एकच बदल.

१. पडद्यावरचा संदेश कुणाचा आहे ते ओळखा

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसलं, तर त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाही. टॉमकॅट बंद आहे किंवा दुसऱ्या पोर्टवर आहे. तुमचा कोड तपासण्यात आत्ता काही अर्थ नाही.

पान बराच वेळ गोल फिरत राहून ‘टाइम आउट’ झालं, तर बहुतेक वेळा वाटेत फायरवॉल आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर हे क्वचित होतं, क्लाउडवरच्या सर्व्हरवर नेहमी.

‘एसएसएल प्रोटोकॉल एरर’ आला, तर पत्त्याची सुरुवात बघा. ८०८० वर टॉमकॅट साधं एचटीटीपी बोलतो, आणि तुम्ही किंवा ब्राउझरने तिथे एचटीटीपीएस घातलेलं असतं.

निळसर-करड्या पट्ट्यांचं पान आलं, वर ‘एचटीटीपी स्टेटस ४०४’ आणि तळाला ‘अपाचे टॉमकॅट’ व त्याची आवृत्ती, तर ही चांगली बातमी आहे. टॉमकॅट जिवंत आहे, पोर्ट बरोबर आहे, जावा बरोबर आहे. अडचण ॲपच्या पत्त्यात किंवा ॲप टॉमकॅटवर चढण्यात (डिप्लॉय होण्यात) आहे. त्याच पानावर ५०० असेल, तर रिक्वेस्ट तुमच्या कोडपर्यंत पोचली आणि तिथे फुटली.

४०४ आहे पण तळाला टॉमकॅटचं नावच नाही, असं असेल तर ८०८० वर भलताच कुणी बसलेला आहे. चौथ्या पायरीवर जा.

२. लॉग वाचा, पण बरोबर लॉग वाचा

‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये टॉमकॅटने केलेल्या नोंदींच्या चार-पाच प्रकारच्या फाइली असतात आणि नवीन माणूस त्यातली पहिली उघडून ‘काही कळत नाही’ म्हणून बंद करतो. कोणत्या फाइलीत काय असतं ते एकदा समजून घ्या.

‘कॅटलिना’ने सुरू होणाऱ्या तारीखवार फाइलीत टॉमकॅट स्वतःबद्दल लिहितो: सुरू झालो, हे पोर्ट घेतलं, हे ॲप चढवलं. लिनक्सवर ‘कॅटलिना.आउट’ नावाची आणखी एक फाइल असते. तुमच्या कोडमधल्या ‘सिस्टिम.आउट.प्रिंटएलएन’चं सगळं तिथे जाऊन पडतं. विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून बसवला असेल तर तेच ‘एसटीडीआउट’ आणि ‘एसटीडीएरर’ अशा नावांच्या फाइलींत मिळतं.

‘लोकलहोस्ट’ने सुरू होणारी फाइल बहुतेकांना माहीतच नसते, आणि नेमकं तिथेच उत्तर असतं. कॅटलिनाच्या लॉगमध्ये तुम्हाला अशी ओळ दिसेल: ‘वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट. फुल डीटेल्स विल बी फाउंड इन द अप्रोप्रिएट कंटेनर लॉग फाइल’. हा कंटेनर लॉग म्हणजे त्याच तारखेची लोकलहोस्टची फाइल. ती उघडा, खाली जा, खरं कारण तिथे लिहिलेलं असतं. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक रात्र-रात्र घालवतात.

‘लोकलहोस्ट ॲक्सेस लॉग’ ही वेगळी फाइल. तिथे प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ येते. तुम्ही पान उघडलं आणि तिथे ओळच आली नाही, तर रिक्वेस्ट या टॉमकॅटपर्यंत पोचलेलीच नाही. दुसरा टॉमकॅट उत्तर देतो आहे किंवा पोर्टच वेगळं आहे.

वाचण्याची पद्धत अशी: टॉमकॅट बंद करा, जुने लॉग दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, टॉमकॅट सुरू करा, बिघडणारी कृती एकदाच करा आणि मग लॉग उघडा. हजार ओळींऐवजी शंभरच वाचाव्या लागतात. सगळं ठीक असेल तर शेवटी ‘सर्व्हर स्टार्टअप इन’ आणि पुढे मिलिसेकंदांचा आकडा येतो. ही ओळ आली म्हणजे टॉमकॅट उठला, एवढंच. तुमचं ॲप चढलं की नाही, हे त्याच्या वरच्या ओळी सांगतात.

३. टॉमकॅट उठतच नसेल तर आधी जावा

विंडोजवर ‘स्टार्टअप.बॅट’वर डबल क्लिक केलं, काळी खिडकी लुकलुकली आणि गेली. पुन्हा-पुन्हा क्लिक करून काही होत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘बिन’ फोल्डरमध्ये जा आणि ‘कॅटलिना.बॅट रन’ चालवा. आता संदेश त्याच खिडकीत थांबतो आणि वाचता येतो.

‘जावा होम’, म्हणजे जावा कुठे बसवली आहे तो रस्ता, सापडत नाही असं तो म्हणाला, तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तो घाला. इथला नेहमीचा सापळा म्हणजे ‘बिन’पर्यंतचा रस्ता देणं. ‘जावा होम’ जेडीकेच्या (बसवलेल्या जावाच्या) मूळ फोल्डरपर्यंतच द्यायचा. बदल केल्यावर जुनी कमांड खिडकी बंद करून नवी उघडा, जुनीला नवीन मूल्य कळत नाही.

दुसरा सापळा विंडोज सर्व्हिसचा. इन्स्टॉलरने सर्व्हिस म्हणून बसवलेला टॉमकॅट ‘जावा होम’ बघत नाही आणि ‘सेटएन्व्ह.बॅट’ही वाचत नाही. त्याची जावा आणि मेमरी ‘कॉन्फिगर टॉमकॅट’ नावाच्या खिडकीतल्या ‘जावा’ टॅबमध्ये ठरते.

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ आला, तर त्यात दोन आकडे असतात. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. ‘६१ ने बनवलं आहे, मी ५२ पर्यंतच ओळखतो’ याचा अर्थ कोड जावा १७ वर कंपाइल झाला आणि टॉमकॅट जावा ८ वर चालतो आहे. टॉमकॅटला नवी जावा द्या, किंवा प्रोजेक्ट जुन्या जावासाठी कंपाइल करा. टॉमकॅटला स्वतःला किमान काय लागतं तेही लक्षात असू द्या: ९ ला जावा ८, १०.१ ला जावा ११, ११ ला जावा १७.

‘सर्व्हर.एक्सएमएल’ला हात लावल्यानंतर टॉमकॅट उठत नसेल, तर ‘कॅटलिना.बॅट कॉन्फिगटेस्ट’ चालवा. न बंद केलेला टॅग, सुटलेलं अवतरणचिन्ह, हे सगळं तो ओळ क्रमांकासकट सांगतो.

४. पोर्ट कुणी घेतलं आहे

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणजे ८०८० आधीच कुणाकडे तरी आहे. संशयित ठरलेले: आधीच उघडा असलेला दुसरा टॉमकॅट, जेनकिन्स, ओरॅकल एक्सई ११जी, आणि झॅम्पसोबत येणारा टॉमकॅट. शेवटचा पुष्कळांना आठवतच नाही. मायएसक्यूएल डेटाबेससाठी म्हणून झॅम्प बसवलेलं असतं आणि त्याच्या पॅनलमध्ये टॉमकॅटसमोरचं बटण कधीतरी दाबलेलं असतं.

विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवा, ८०८० आणि ‘लिसनिंग’ असलेली ओळ शोधा. शेवटच्या रकान्यातला आकडा म्हणजे प्रोसेस आयडी. टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये तो कुणाचा आहे ते दिसेल. लिनक्सवर ‘सुडो एसएस -एलटीएनपी’ हेच काम करतं आणि प्रोग्रामचं नावही देतं.

जो बसला आहे तो नको असेल तर बंद करा. हवा असेल तर ‘कॉन्फ’मधल्या ‘सर्व्हर.एक्सएमएल’मध्ये एचटीटीपी कनेक्टरच्या टॅगमधलं ८०८० बदलून ८०८१ करा. एकाच यंत्रावर दोन टॉमकॅट चालवणार असाल तर एवढं पुरत नाही. फाइलीच्या अगदी सुरुवातीला ८००५ हे शटडाउन पोर्ट असतं, तेही वेगळं करावं लागतं. नाहीतर दुसरा टॉमकॅट उठल्यासारखा करतो आणि लगेच बंद पडतो.

५. इक्लिप्समधला टॉमकॅट निराळा

इक्लिप्समधून, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममधून, टॉमकॅट चालवता तेव्हा तुम्ही बसवलेल्या फोल्डरमधल्या ‘कॉन्फ’ फाइली वापरल्याच जात नाहीत. इक्लिप्स त्यांची प्रत काढून ‘सर्व्हर्स’ नावाच्या प्रोजेक्टमध्ये ठेवतो. पोर्ट बदलायचं तर तिथल्या प्रतीत बदलायचं. सी ड्राइव्हमधली फाइल शंभरदा बदललीत तरी काही होणार नाही.

याचाच दुसरा परिणाम: इक्लिप्समधून टॉमकॅट सुरू करून नुसतं लोकलहोस्ट ८०८० उघडलं की ४०४ येतो, मांजराचं चित्र असलेलं ओळखीचं पान येत नाही. हा बिघाड नाही. ते पान ज्या ‘रूट’ ॲपमध्ये असतं, ते इक्लिप्स चढवतच नाही. पुढे तिरपी रेघ देऊन तुमच्या प्रोजेक्टचं नाव टाका.

जुना कोडच चालतो आहे असं वाटलं तर ‘सर्व्हर्स’ टॅबमध्ये टॉमकॅटवर राइट क्लिक करून ‘क्लीन’ करा.

६. टॉमकॅट ९ की १०, हे नक्की विचारायला हवं

सध्याच्या फोनांपैकी सगळ्यात जास्त फोन याचे असतात, म्हणून इथे जरा थांबतो.

सिनियरकडून आलेलं प्रोजेक्ट टॉमकॅट ८ किंवा ९ च्या काळातलं असतं. तुम्ही नवीन म्हणून १० किंवा ११ उतरवता. नवीन ते चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण ९ आणि १० च्या मध्ये एक मोठी भिंत आहे. ओरॅकलने जावा ईई (जावाचा सर्व्हरसाठीचा भाग) इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली, ‘जावा’ हे नाव त्यांना वापरता येईना, म्हणून २०२० मध्ये जकार्ता ईई (तिचंच नवं नाव) ९ मध्ये सगळ्या पॅकेजांची नावं बदलली. आधी ‘जावाएक्स.सर्व्हलेट’ होतं, ते ‘जकार्ता.सर्व्हलेट’ झालं. टॉमकॅट ९ फक्त पहिलं ओळखतो, १० आणि पुढचे फक्त दुसरं.

वाईट भाग असा, की हा बिघाड बऱ्याचदा आवाजच करत नाही. ‘इंडेक्स.जेएसपी’ मजेत उघडतं, कारण जेएसपीचं सर्व्हलेट टॉमकॅट स्वतः, स्वतःच्या नावांनी बनवतो. तुम्ही लॉगिनचा फॉर्म भरता, बटण दाबता आणि ४०४. ‘@वेबसर्व्हलेट’ ही खूण जुन्या पॅकेजमधली आहे, टॉमकॅट १० ला ती दिसतच नाही, त्यामुळे तो सर्व्हलेट नोंदवतच नाही. लॉगमध्ये एकही एरर नाही. मुलं फॉर्मचा ‘ॲक्शन’ तपासत बसतात. जेएसपी उघडतं आणि सर्व्हलेट ४०४ देतं, अशी जोडी दिसली की पहिला संशय इथेच घ्यायचा.

सर्व्हलेट ‘वेब.एक्सएमएल’मध्ये नोंदवलेलं असेल तर निदान ओरड तरी होते: ‘जावाएक्स/सर्व्हलेट/एचटीटीपी/एचटीटीपीसर्व्हलेट’ सापडत नाही, असं ५०० च्या पानावर किंवा लॉगमध्ये येतं. त्यावर कुणीतरी ‘सर्व्हलेट-एपीआय.जार’ ही तयार कोडची फाइल ॲपच्या ‘वेब-इन्फ’ फोल्डरमधल्या ‘लिब’मध्ये टाकायला सांगतो. टाकू नका. तो एरर जातो आणि त्याजागी ‘कॅनॉट बी कास्ट टू जकार्ता.सर्व्हलेट.सर्व्हलेट’ येतो. हे जार ॲपमध्ये कधीच न्यायचं नसतं, टॉमकॅट स्वतःचं आणतो. मेव्हनने प्रोजेक्ट बांधत असाल तर त्याचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’ ठेवायचा.

उपाय तीन. प्रोजेक्ट सादर करून मोकळं व्हायचं असेल तर टॉमकॅट ९ उतरवा, दहा मिनिटांचं काम आहे. मी हेच सुचवतो. प्रोजेक्ट पुढे वाढवायचं असेल तर सगळ्या फाइलींत ‘जावाएक्स.सर्व्हलेट’च्या जागी ‘जकार्ता.सर्व्हलेट’ करा आणि जेएसटीएलसारखी जारही नव्या आवृत्तीची घ्या. मात्र ‘जावाएक्स.एसक्यूएल’ला हात लावू नका, ते जावाचंच अंग आहे आणि बदललेलं नाही. सरसकट ‘रिप्लेस ऑल’ करणारे इथे फसतात. तिसरा मार्ग: टॉमकॅटच्या फोल्डरमध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचं फोल्डर स्वतः बनवा आणि जुनी वॉर फाइल (आख्ख्या ॲपचं एकत्र बांधलेलं गाठोडं) त्यात टाका. टॉमकॅट १० ती आपणहून बदलून ‘वेबॲप्स’मध्ये ठेवतो.

उलटा प्रकारही होतो. स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कला जकार्ता लागतं. त्याची वॉर टॉमकॅट ९ वर टाकली तर ती चढल्यासारखी दिसते, लॉगमध्ये स्प्रिंगचं नावही उमटत नाही आणि प्रत्येक पत्त्यावर ४०४ मिळतो. तिथे १०.१ घ्यावा लागतो.

७. ४०४ ची किरकोळ कारणं

वॉर फाइलीचं नाव हाच पत्ता असतो: ‘कॉलेज.वॉर’ असेल तर पत्त्यात ‘कॉलेज’. डाउनलोड करताना नावात कंस आणि १ लागला असेल तर पत्ताही तसाच होतो. नाव न देता थेट मुळावर उघडायचं तर फाइलीचं नाव ‘रूट’, सगळी अक्षरं मोठी. ‘वेब-इन्फ’मधली जेएसपी थेट उघडत नाही, ती मुद्दाम झाकलेली असते. नवी वॉर टाकूनही जुनंच दिसत असेल तर टॉमकॅट बंद करून ‘वेबॲप्स’मधलं त्या नावाचं फोल्डर आणि ‘वर्क’मधलं सगळं काढून टाका, मग सुरू करा.

८. मॅनेजर आत घेत नाही

मॅनेजर म्हणजे ब्राउझरमधून ॲप चढवायचं टॉमकॅटचं पान. त्यासाठी ‘टॉमकॅट-यूझर्स.एक्सएमएल’मध्ये नमुन्याचे यूझर दिलेले असतात, पण ते कॉमेंटच्या आत असतात. लोक तिथेच पासवर्ड बदलतात आणि फाइल सेव्ह करतात. टॉमकॅटच्या लेखी काहीच झालेलं नसतं. तुमची ओळ कॉमेंटच्या बाहेर, शेवटच्या बंद टॅगच्या आधी लिहा आणि भूमिका ‘मॅनेजर-जीयूआय’ द्या. मग टॉमकॅट पुन्हा सुरू करा.

पासवर्ड पाच वेळा चुकला की टॉमकॅट तो यूझर पाच मिनिटं बंद ठेवतो. या काळात बरोबर पासवर्डही चालत नाही आणि माणूस बरोबर असलेली फाइल पुन्हा बिघडवायला घेतो. चहा पिऊन या.

४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे भूमिका चुकली, किंवा तुम्ही दुसऱ्या यंत्रावरून उघडता आहात. मॅनेजर सुरुवातीला फक्त त्याच यंत्रावरून उघडतो. ही अडवणूक मॅनेजरच्या ‘मेटा-इन्फ’मधल्या ‘कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल’मध्ये असते. ती सरसकट काढायला सांगणारे बरेच भेटतील. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर ते करू नका, मॅनेजर हाती लागला की कुणीही तुमच्या सर्व्हरवर हवी ती वॉर चढवू शकतो.

९. ५०० आणि डेटाबेस

५०० च्या पानावरची लांब यादी वरून वाचायची नाही. सगळ्यात खालचा ‘रूट कॉज’ (लॉगमध्ये ‘कॉज्ड बाय’) शोधा, खरं कारण तिथे असतं. मग त्याखालच्या ओळींत तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ पाहा. तिच्या शेवटी फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक असतो. बाकीच्या टॉमकॅटच्या ओळी सोडून द्या.

तिथे मायएसक्यूएल निघालं, तर शब्दांवरून निदान होतं.

‘नो सूटेबल ड्रायव्हर’ किंवा ड्रायव्हरचा क्लास सापडत नाही: मायएसक्यूएलचं कनेक्टर जार ‘वेब-इन्फ’च्या ‘लिब’मध्ये नाही. इक्लिप्सच्या ‘बिल्ड पाथ’मध्ये घातलं म्हणजे कंपाइल होतं, चालताना ते तिथे असेलच असं नाही. कनेक्शन पूल (तयार ठेवलेली डेटाबेस कनेक्शनं) टॉमकॅटच्या ‘कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल’मध्ये मांडला असेल तर जार टॉमकॅटच्या स्वतःच्या ‘लिब’मध्ये हवं. जार जागेवर आहे तरी तक्रार चालूच असेल, तर कोडमध्ये ‘क्लास.फॉरनेम’ची ओळ आहे का बघा. साध्या जावा प्रोग्रामला ती आता लागत नाही, टॉमकॅटमध्ये मात्र ॲपच्या ‘लिब’मधला ड्रायव्हर आपोआप नोंदला जात नाही.

‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’: मायएसक्यूएल बंद आहे किंवा ३३०६ वर नाही. ‘ॲक्सेस डिनाइड’: तो चालू आहे, पासवर्ड पटला नाही. उबंटूवर मायएसक्यूएलचा ‘रूट’ यूझर पासवर्डने आत घेतलाच जात नाही, तो फक्त यंत्राच्या रूट खात्याला ओळखतो. ॲपसाठी वेगळा यूझर बनवा. तसाही बनवायला हवाच.

‘टेबल डझन्ट एक्झिस्ट’, आणि टेबल तर समोर दिसतं आहे: लिनक्सवरचा मायएसक्यूएल टेबलच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं मानतो, विंडोजवरचा मानत नाही. कोडमध्ये ‘स्टुडंट’चा एस मोठा आणि टेबलमध्ये छोटा, एवढ्यावर प्रात्यक्षिक अडकतं.

डेटाबेसचा पत्ता एक्सएमएल फाइलीत लिहिताना त्यातलं & हे चिन्ह जसंच्या तसं ठेवलं तर फाइलच वाचली जात नाही. तिथे &एएमपी; असं लिहावं लागतं.

१०. मराठी लिहिलं की प्रश्नचिन्हं

इंग्रजी नावं नीट साठतात आणि मराठी नाव टाकलं की कचरा होतो. हा कचरा दोन प्रकारचा असतो आणि प्रकारावरून जागा कळते.

‘मराठी’ या शब्दाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं आली (काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात), तर अक्षरं साठवताना कायमची गेली. टेबलचा किंवा कनेक्शनचा कॅरेक्टर सेट देवनागरी धरू शकत नाही. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ करा. आधी साठलेली प्रश्नचिन्हं परत मराठी होणार नाहीत, त्या नोंदी पुन्हा भराव्या लागतील.

प्रश्नचिन्हांऐवजी लांबलचक परदेशी चिन्हांची माळ आली, तर मजकूर जिवंत आहे, वाचणाऱ्याने चुकीचा वाचला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि इथे एकेक बाइट सुटं अक्षर समजलं गेलं. टॉमकॅट ९ पोस्ट फॉर्म वाचताना आपणहून यूटीएफ-८ धरत नाही. सर्व्हलेटमध्ये पहिला पॅरामीटर वाचण्याच्या आधी ‘रिक्वेस्ट.सेटकॅरेक्टरएन्कोडिंग’ने तसं सांगा. एक जरी पॅरामीटर आधी वाचला गेला तर ती ओळ वाया जाते. जेएसपीच्या पहिल्या ओळीत ‘पेजएन्कोडिंग’ आणि ‘कॉन्टेंटटाइप’ही यूटीएफ-८ ठेवा.

११. लिनक्स सर्व्हरवर नेताना

उबंटूवर ‘ॲप्ट’ने बसवलेला टॉमकॅट एका फोल्डरमध्ये नसतो. कॉन्फिगरेशन ‘/ईटीसी’मध्ये, ॲप ‘/व्हार/लिब’मध्ये, लॉग ‘/व्हार/लॉग’मध्ये. शिवाय ही सर्व्हिस ठरावीक फोल्डर सोडून कुठेही लिहू शकत नाही. तुमचं ॲप फोटो दुसरीकडे साठवत असेल तर ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ येतो आणि ‘सीएचमॉड ७७७’ करूनही जात नाही. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने सर्व्हिसमध्ये ‘रीडराइटपाथ्स’ची ओळ वाढवावी लागते.

हाताने बसवलेला टॉमकॅट एकदाही रूट म्हणून सुरू करू नका. लॉग आणि ‘वर्क’मधल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी साध्या यूझरने सुरू केला की तो अडखळतो. तसं झालंच असेल तर ‘सीएचओन -आर’ने मालकी परत द्या.

१०२४ च्या खालचं पोर्ट साध्या यूझरला मिळत नाही, म्हणून ८० वर हवं असेल तर पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून मागे ८०८० राहू द्या. बाहेरून उघडत नसेल तर आधी सर्व्हरवरच ‘कर्ल -आय’ने लोकलहोस्ट ८०८० विचारा. तिथे उत्तर आलं तर टॉमकॅट निर्दोष. मग ‘यूएफडब्ल्यू’ (उबंटूचा फायरवॉल) आणि क्लाउडच्या पॅनलमधला फायरवॉल, दोन्ही बघा. एकात पोर्ट उघडून दुसरं विसरणं नेहमीचं आहे.

१२. तरीही अडलं, तर विचारताना एवढं पाठवा

‘टॉमकॅट चालत नाही, अर्जंट’ या निरोपावर कुणीही काही सांगू शकत नाही. ‘व्हर्जन.बॅट’चं पूर्ण उत्तर, ब्राउझरमध्ये टाकलेला नेमका पत्ता, टॉमकॅट इक्लिप्समधून चालतो की बाहेरून, शेवटचा कोणता बदल केला, आणि लोकलहोस्ट व कॅटलिना या दोन्ही लॉगमधला सगळ्यात खालचा ‘कॉज्ड बाय’ त्याच्या पुढच्या वीसेक ओळींसकट पाठवा. मजकूर म्हणून पाठवा, मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो नको. आणि पाठवण्याआधी डेटाबेसचा पासवर्ड त्यातून पुसा.